विहिरीतला कट्टा

इंदूरच्या पाण्याचा विषय निघाला की आपल्या मंडळात यशवंत सागर, बिलावली आणि नर्मदेसाठीचं 1970चं आंदोलन यांवर बोलणं होतं. पाणी ज्या नळातून आलं, त्याच्या आखणीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी सुरुवात घरच्या विहिरीपासून करतो.

नर्मदेचं पाणी शहरात यायच्या आधीची गोष्ट. रामबागेतल्या आमच्या वाड्यात विहिरीच्या काठावर मोटर बसवलेली होती. हिवाळ्यात पाणी 18 फुटांवर असे, तेव्हा ती बिनतक्रार चाले. मे महिन्यात पाणी 26 फुटांवर गेलं आणि मोटर नुसतीच गरगरू लागली. आई आणि काकू पहाटे उठून पोहऱ्यानं पाणी शेंदायच्या. मिस्त्री वडिलांना म्हणाले, "अप्पा, मोटर चांगली आहे, तिला खाली न्या." वडिलांना ते पटलं नाही. त्यांनी कर्ज काढून जास्त हॉर्सपॉवरची मोटर आणली. ती तर आणखी लवकर पाणी सोडू लागली!

त्याचं कारण फार जुनं आहे. काही ठरावीक उंचीपलीकडे पंप पाणी ओढत नाही, हे इटलीतल्या कारागिरांना ठाऊक होतं. गॅलिलिओनं 1638च्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे 1644 साली तोरिचेल्लीनं उलगडा केला, की पंप पाणी ओढत नसतोच. तो नळातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब सुमारे 10.3 मीटर पाणी पेलतो. आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणून इथे जेमतेम 9.7 मीटर, म्हणजे 32 फुटांच्या आतच. त्यातून नळाचं घर्षण, कोपर आणि फूटव्हॉल्व्हचा अडथळा वजा करा. 20-22 फुटांपलीकडे भरवसा नाही. मोठी मोटर त्याच अरुंद नळातून जास्त पाणी मागत होती. पाणी दुप्पट केलं तर अडथळा जवळजवळ चौपट होतो. शिवाय नळ कठड्यावरून कमानीसारखा वळवलेला, त्या उंचवट्यात हवा साठायची.

पुढच्या वर्षी वडिलांनी मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी विहिरीच्या आत दगडी कट्टा बांधून जुनी मोटर त्यावर बसवली. खालचा नळ एक माप मोठा, कोपर एकच, आणि पंपाकडे सतत चढता. ढकलायचं काम मात्र मोटरकडेच, कारण ढकलण्याला हवेच्या दाबाची मर्यादा नाही. वडील त्यांना एवढंच म्हणाले, "तुमचं तेव्हाच ऐकायला हवं होतं."

1978 साली नर्मदा इंदुरात आली, तीही याच नियमानं. मंडलेश्वरजवळचं जलूद इथून सुमारे 70 किलोमीटर दूर आणि 400 मीटर खाली. मधला विंध्याचा माथा शहराहूनही उंच. म्हणून पंप खाली नदीकाठी ठेवून पाणी टप्प्याटप्प्यानं वर ढकललं जातं. वांचू पॉइंटपासून पुढे ते उताराने येतं. अशा लांब नळात उंचवट्यावर हवा सोडणारे व्हॉल्व्ह लागतात. वीज गेली की चढलेलं पाणी मागे फिरून नळाला हादरा देतं, तो आवरायची सोयही लागते. हे सगळं नीट आखलं नसेल, तर नुसत्या हॉर्सपॉवरनं पाणी चढत नाही.

आता एक विनंती. जुने वाडे पडताहेत, विहिरी बुजवल्या जाताहेत. बुजवण्याआधी आत मोटरचा कट्टा दिसला तर तो काठापासून किती फूट खाली आहे, तेवढं मोजून ठेवा. कट्ट्याखाली साधारण वीस फुटांच्या आतच त्या काळचं उन्हाळ्यातलं पाणी असणार, नाहीतर तो तिथे बांधून उपयोग नव्हता. आमचा कट्टा 12 फुटांवर होता. शहराखालचं पाणी कुठवर होतं, याची एवढी साधी नोंद दुसरीकडे सहसा सापडायची नाही.