घरचे व बाहेरचे सामने

घरचे व बाहेरचे सामने : संघ आपल्या मैदानावर खेळतो तो घरचा सामना, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो तो बाहेरचा. दोघांपैकी कोणाचेच नसलेले मैदान म्हणजे त्रयस्थ मैदान. साखळी स्पर्धेत गुणांवरून क्रमवारी लागते आणि क्रमवारीवरून पुढची फेरी, यजमानपद व विजेतेपद ठरते. त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोणते सामने घरी आले, याला न्यायाच्या दृष्टीने महत्त्व येते. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेत दिसतो.

घरच्या मैदानाचा लाभ : यजमान संघाला खेळपट्टी, हवामान आणि मैदानाचा आकार ओळखीचा असतो, प्रवासाचा शीण नसतो, प्रेक्षक बाजूचे असतात. क्रिकेटमध्ये खेळपट्टी सहसा यजमान संघटना तयार करते, म्हणून येथे या लाभाला आणखी एक बाजू असते. तरी तो हमखास मिळतो असे नाही. १९७२–७३च्या तमिळनाडू-मुंबई रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूच्या घरच्या चेपॉक मैदानाची खेळपट्टी फिरकीला विलक्षण साथ देणारी होती आणि तमिळनाडूकडे वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार हे कसलेले फिरकी गोलंदाज होते. मुंबईचा डाव १५१ धावांत आटोपला. पण पद्माकर शिवलकर यांनी अवघ्या १६ धावांत ८ बळी घेऊन तमिळनाडूला ८० धावांत गुंडाळले. दुसऱ्या डावात मुंबई ११३ धावांवर आणि तमिळनाडू ६१ धावांवर बाद झाला. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईने सलग पंधरावे विजेतेपद मिळवले. उलट १९९०–९१च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर, घरच्या मैदानात, मुंबई हरयाणाकडून २ धावांनी हरली. जम्मू-काश्मीरनेही डिसेंबर २०१४मध्ये वानखेडेवर आणि जानेवारी २०२५मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबईला हरवले.

अशी उदाहरणे डोळ्यांत भरतात, पण त्यांवरून घरच्या मैदानाचा लाभ नसतोच असे ठरत नाही. एका सामन्यात कर्तृत्व मैदानावर मात करते. हंगामभराच्या गुणतक्त्यात मात्र लहान लाभही साठत जातो.

सामन्यांची वाटणी : प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा, एकदा घरी व एकदा बाहेर खेळला, तर वाटणी आपोआप समान होते. रणजी स्पर्धेत गटातील प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ पडते. म्हणून गटात किती संघ आहेत, यावर बरेच अवलंबून असते. २०१७–१८मध्ये २८ संघ सात-सातच्या चार गटांत होते. प्रत्येकाला सहा सामने मिळाल्याने तीन घरी, तीन बाहेर अशी समान वाटणी शक्य होती. पुढे एलिट या वरच्या विभागात आठ-आठ संघांचे चार गट केल्यावर सामने सात झाले. सातचे दोन समान भाग होत नाहीत. त्यामुळे घरचे सामने काही संघांना चार, तर काहींना तीनच मिळतात.

आठ संघांच्या सात फेऱ्या आखताना आणखी एक अडचण येते. घर-बाहेर-घर-बाहेर असा अखंड क्रम फार तर दोन संघांना मिळू शकतो : एक घरून सुरुवात करणारा, दुसरा बाहेरून. दोन संघांचा क्रम तंतोतंत सारखा असेल, तर प्रत्येक फेरीत दोघेही घरी किंवा दोघेही बाहेर असतील आणि त्यांचा आपसातला सामना कधीच लावता येणार नाही. म्हणून उरलेल्या सहा संघांना किमान एकदा लागोपाठ दोन सामने घरी किंवा बाहेर खेळावेच लागतात. विषम संख्येच्या गटात प्रत्येक फेरीत एक संघ विश्रांती घेतो आणि तेथे सर्वांना अखंड क्रम देता येतो. गटाचा आकार ठरवतानाच न्यायाचा निम्मा प्रश्न ठरून जातो, तो असा.

उरलेला निम्मा प्रश्न प्रतिस्पर्धी कोण, हा. गटातील सर्वांत बलाढ्य संघ घरी आणि दुबळा संघ बाहेर, की नेमके उलट, यावरही गुण हलतात. वाटणी संख्येने समान असली, तरी भार समान असेलच असे नाही.

गुणतक्ता : रणजी स्पर्धेत निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. तो डावाने किंवा दहा गडी राखून मिळवला, तर एक गुण अधिक. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला ३ आणि पिछाडीला १ गुण असतो. विजय घरचा की बाहेरचा, हा भेद तक्ता करत नाही. लाहलीचे उदाहरण बोलके आहे. हरयाणातील त्या मैदानावर चेंडू सतत हलतो. ऑक्टोबर २०१३मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या अखेरच्या रणजी सामन्यात हरयाणाच्या १३४ धावांना मुंबईने १३६ धावांनी उत्तर दिले आणि २४० धावांचे लक्ष्य चार गडी राखून गाठले. तेंडुलकर ७९ धावांवर नाबाद राहिले. परक्या खेळपट्टीवर घाम गाळून मिळवलेला असा विजय आणि ओळखीच्या मैदानावरचा सोपा विजय तक्त्यात एकाच रकान्यात, एकाच मोलाने बसतो.

बाद फेरी : साखळीतील लाभ पुढेही चालत जातो. २०२४–२५मध्ये विदर्भाने गटात ४० गुणांसह अव्वल स्थान मिळवले. त्याचे उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम असे तिन्ही सामने नागपूरजवळ जामठा येथे झाले. उपांत्य सामन्यात त्याने मुंबईला ८० धावांनी हरवले आणि अंतिम सामन्यात केरळवर पहिल्या डावात घेतलेल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक जिंकला. विदर्भाचा खेळ त्या हंगामात सरस होता, याबद्दल शंका नाही. जम्मू-काश्मीरही आपल्या गटात अव्वल होता, पण त्याचा उपांत्यपूर्व सामना पुण्याजवळ गहुंजे येथे झाला. तेथे केरळने २८० धावांना २८१ धावांनी उत्तर दिले. सामना अनिर्णित राहिला आणि त्या एका धावेच्या आघाडीवर केरळ पुढे गेला. दोन गटविजेत्यांपैकी एकाला घरचे मैदान मिळाले, दुसऱ्याला नाही.

त्रयस्थ मैदानांचा प्रयोग : यजमान आपल्या सोयीच्या खेळपट्ट्या करतात या तक्रारीवरून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६–१७चा पूर्ण रणजी हंगाम त्रयस्थ मैदानांवर खेळवला. त्याच हंगामात वानखेडेवर महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) व अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागीदारी केली. अंतिम सामन्यात इंदूरला गुजरातने मुंबईला हरवून पहिले विजेतेपद मिळवले. खेळपट्टीचा वाद मिटला, पण नव्या अडचणी आल्या. प्रत्येक सामन्यासाठी दोन्ही संघांना प्रवास करावा लागला, प्रेक्षकांना आपला संघ पाहता आला नाही आणि दिल्लीत विषारी धुरक्यामुळे दोन सामने खेळवताच आले नाहीत. पुढच्याच हंगामात घरचे-बाहेरचे सामने परत आले.

मुंबईतील स्थिती : मध्य रेल्वेवर विक्रोळी व भांडुप यांच्यामध्ये असलेल्या कांजूरमार्गचा क्रिकेटपटू निवड झाली तर मुंबई संघाकडून खेळतो, पण मुंबईचे घरचे सामने वानखेडे, ब्रेबर्न किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात होतात. शालेय हॅरिस व गाइल्स ढाल आणि १९४८पासून पावसाळ्यात रंगणारी डॉ. कांगा लीग यांतही खेळाडू खांद्यावर किट घेऊन सकाळच्या लोकलने आझाद मैदान, क्रॉस मैदान वा शिवाजी पार्क गाठतो. ज्या क्लबाला स्वतःचा प्लॉट नाही, त्याचा प्रत्येक सामना बाहेरचाच असतो. उपनगरांत मैदाने कमी असणे हाही क्रमवारीतील न्यायाचाच प्रश्न आहे.

महाविद्यालयीन स्तरावर स्वरूप वेगळे आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, बेसबॉलसह, एका यजमान विद्यापीठात भरतात. कांजूरमार्गला लागून असलेल्या पवईतील आयआयटी मुंबई ज्यात भाग घेते, त्या आंतर-आयआयटी स्पर्धेचे यजमानपदही संस्थांमध्ये फिरते. येथे समतोल एका हंगामात साधत नाही, तो अनेक वर्षांच्या पाळीने साधतो.

भारांकन : अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये घर-बाहेरच्या असमान वाटणीचा प्रश्न अधिक तीव्र आहे. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. तेव्हा उत्तरेकडे कडाक्याची थंडी असल्याने तेथील संघ कित्येक आठवडे दक्षिणेत जाऊन खेळतात आणि दक्षिणेतील संघ घरीच राहतात. म्हणून २०१३च्या हंगामापासून क्रमवारीच्या सूत्रात घरचा विजय ०.७ आणि बाहेरचा विजय १.३ धरला गेला. पराभवाचे उलट : घरचा १.३, बाहेरचा ०.७. त्रयस्थ मैदानावर दोन्हींचे मोल १. दहा विजय व पाच पराभव असलेल्या दोन संघांची तुलना केली, तर भारांकनाशिवाय दोघांचे प्रमाण ०.६६७ येते. सगळे सामने घरी खेळलेल्या संघाचे भारांकित प्रमाण ०.५१९ आणि सगळे बाहेर खेळलेल्याचे ०.७८८ होते. भारांक सर्व मैदानांना सारखाच लागू होतो, ही या पद्धतीची मर्यादा. लाहलीची हिरवी खेळपट्टी आणि फलंदाजीला पोषक खेळपट्टी तिच्या लेखी एकच.

इतर उपाय : इंग्लंडमध्ये काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत २०१६पासून काही हंगाम पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीविना प्रथम क्षेत्ररक्षण निवडण्याची मुभा होती. यजमानाने आपल्याला हवी तशी खेळपट्टी केली, तरी पहिला निर्णय पाहुण्याकडे राहत असे. भारतात २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडकासाठीही २०२४मध्ये हीच दिशा स्वीकारली गेली.

मूल्यमापन : घरचे मैदान काढून टाकणे हा न्याय नव्हे. नागपूर, पुणे वा मुंबईच्या प्रेक्षकाला आपला संघ आपल्या गावात खेळताना दिसला पाहिजे. मात्र त्या लाभाची नोंद क्रमवारीत झाली पाहिजे. गट विषम संख्येचे ठेवणे, पुढच्या हंगामात त्याच प्रतिस्पर्ध्याशी मैदानाची अदलाबदल करणे आणि गुण समान झाल्यास बाहेरच्या विजयांना अग्रक्रम देणे हे तीन उपाय फारसा खर्च न वाढवता अमलात आणता येतील. त्यांपैकी तिसऱ्यासाठी वेळापत्रकालाही हात लावावा लागत नाही, नियमात एक ओळ वाढवली की पुरते.