पाणाड्याचा नारळ
गोदावरीच्या उत्तरेस असलेले तीर्थपुरी आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. १९८१पूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि सप्टेंबर १९४८पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता. अव्वल तालुकदार जाऊन जिल्हाधिकारी आले, दफ्तराची उर्दू जाऊन मराठी आली; परंतु विहीर खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावणे धाडण्याचा या मुलखातील रिवाज राजवटींबरोबर पालटला नाही. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ आपोआप उभा राहावा, मुठींत धरलेली ओली बेचकी खाली वळावी, किंवा जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या ‘पायाळू’ माणसाने शेतातून नुसते चालत जावे, आणि तो थबकेल तेथे कुदळ मारावी, असा हा विधी.

तो इतका काळ टिकला याचे कारण लोकांच्या भोळेपणात शोधणे मला अन्यायाचे वाटते. ते बव्हंशी जमिनीखाली आहे. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या इथल्या अखंड काळ्या पाषाणात पाणी ठरत नाही, परंतु वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत ते मुरलेले असते, आणि रुंद तोंडाची विहीर खोल नेली असता त्यांपैकी एखाद्याशी तिची गाठ पडण्याचा संभव पुष्कळ. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात वृक्ष आणि वारुळे यांवरून पाण्याचा ठाव सांगितला; त्यातील सगळे खरे नसले तरी ते निरीक्षण आहे, म्हणजे पडताळता येते आणि चुकले तर टाकता येते. नारळाचे तसे नाही. पाणी लागले की त्याची कीर्ती दहा गावे जाते. न लागले तर ‘झरा हातभर बाजूला राहिला’ एवढे उत्तर पुरते, आणि खड्ड्याबरोबर त्याची आठवणही बुजते. विहिरीसाठी सरकारकडून मिळणाऱ्या तगाई कर्जाच्या कागदालाही कर्तव्य रकमेशी आणि हप्त्याशी. जागा कोणी दाखविली, याच्याशी नव्हे.

बरोबर आणि चूक ठरलेल्या जागांचा हा हिशेब अखेर जर्मनांनी मांडला. म्यूनिकजवळ १९८७-८८मध्ये एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ जागा बदलून ठेवीत, आणि सुमारे पाचशे पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांना वरच्या मजल्यावरून तो ओळखावयास लावीत. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोगकर्त्यांनी काही मोजक्यांना सिद्धी असल्याचा निर्वाळा दिला खरा, परंतु १९९९ साली एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासून दाखविले की एका फेरीत अचूक ठरलेला इसम पुढच्या फेरीत तसा ठरत नाही. मग नारळ उभा राहतो तो धरणाऱ्याच्या नकळत झालेल्या हालचालीने. प्रेतात्मे फिरवितात अशी समजूत असलेल्या मेजांचा फॅरडेने १८५३मध्ये असाच छडा लावला होता.

१९७२च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रे गावोगाव फिरू लागली, आणि सहा इंची छिद्रात रुंद विहिरीची क्षमाशीलता नसल्याने नारळाची चूक महाग झाली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचाही अंदाज चुकतो, पण तो आधी लिहून दिलेला असतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पाणाडी नाही, आणि तो असावा असे मलाही वाटत नाही. पाणाड्याने दाखविलेल्या आणि न दाखविलेल्या अशा दोन्ही बोअरींची नोंदवही गावाने पाच वर्षे ठेवली तर पुरे.