मोहतर्फा आणि मजुरी : तेलगांवच्या निमित्तानें

बीडहून परळीकडे जाऊं लागलें म्हणजे वडवणी मागें टाकल्यावर तेलगांव लागतें. नांवावरून तेथें एके काळीं तेल्यांची मोठी वस्ती असावी असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु केवळ नामसादृश्यावर इतिहास उभारण्याची खोड आपल्या मंडळींस पुष्कळ आहे, तींत भर घालण्याचा प्रस्तुत लेखकाचा विचार नाहीं. आज त्या गांवाची ओळख तेलाच्या घाण्यानें नव्हे, तर साखरेच्या कारखान्यानें होते. घाणा असो वा चरक, त्यावर राबणाराच्या हातीं काय पडतें आणि हातांतून काय काढून घेतलें जातें, हा प्रश्न एकच. जुन्या कागदांचे संग्राहक मात्र त्याच्या दुसऱ्या अंगाकडेच पाहत आले. कारण घेतल्याची नोंद राहते, राहिल्याची राहत नाहीं.

कारू व शिल्पी यांजकडून राजानें महिन्यांतून एक दिवस काम करवून घ्यावें, असें गौतम व मनु दोघेही सांगतात. म्हणजे त्यांचा कर द्रव्याचा नव्हे, दिवसाचा. हीच ती ‘विष्टि’. आपल्या भाषेंतील ‘वेठ’ हा शब्द तिचाच अपभ्रंश, आणि त्यास मागून जोडलेला ‘बिगार’ फारशी. मनूनें सातव्या अध्यायांत राजाच्या चाकरांपैकीं अगदीं हलक्यास रोज एक पण व श्रेष्ठास सहा पण वेतन सांगितलें आहे. कौटिल्याची यादी याहून फार विषम आहे. मंत्री, पुरोहित, सेनापति यांस अठ्ठेचाळीस हजार, तर परिचारकांस साठ. अंतर आठशें पटींचें. या साठ पणांच्या रांगेंतच ‘विष्टिबंधक’ म्हणून एक अधिकारी येतो. वेठीस माणसें जमवून आणणें हें त्याचें काम. त्याची गांठ पुढें पुन्हा पडेल.

मराठी पुराव्यांत तेल्याच्या कराचा एक जुना व स्पष्ट उल्लेख चाळीसगांवनजीक पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखांत आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठास जीं उत्पन्नें लावून दिलीं, त्यांत जितके घाणे चालतील तितक्यांमागें पळी पळी तेल द्यावें असें मराठींत कोरलें आहे. आणि मापावयाचें तें मठाच्या मापानें. ही दुसरी अट मला पहिलीहून महत्त्वाची वाटते. ज्योतिषाच्या अभ्यासकांनीं हा लेख पुष्कळ वाचला; तेल काढणाऱ्यास दिवसाकाठीं काय उरे हें त्यास कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें तरी तो मौनच धरतो.

पुढें याच जातीच्या करांस ‘मोहतर्फा’ हें नांव आलें. शब्द अरबी, ‘हिर्फत’ म्हणजे हुन्नर, त्यावरून झालेला. सुतार, साळी, कोष्टी, तेली, दुकानदार, म्हणजे जमिनीवांचून हातावर पोट असणारे जितके, त्यांच्या मागावर, घाण्यावर, दुकानावर हा कर बसे. इनामाच्या सनदा ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांस ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ हे शब्द पाठच आहेत. तथापि सनद मिळाली म्हणजे गांवकऱ्यावरील पट्टी उठली असें नव्हे. घेणारा बदलला इतकेंच. बीडकडील मुलूख तर दुअंमली. १७१९ च्या सनदांनीं दख्खनच्या सहा सुभ्यांवर मराठ्यांची चौथाई व सरदेशमुखी बसली, व तीही अखेर त्याच शिवारांतून निघावयाची. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यांत १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्यानें धंद्यांवरील हे कर उठले. तेलगांव मात्र त्या इलाख्यांत नव्हतें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत राहिलें.

यानंतर जें घडलें तें मला कोणत्याही सनदेइतकेंच संग्राह्य वाटतें. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाडा होरपळला. खडी फोडून व मातीच्या पाट्या वाहून माणसें सुकडीवर जगलीं. वि. स. पागे यांनीं त्यापूर्वींच मांडलेली रोजगार हमीची कल्पना कायम करावयाची तर पैसा पाहिजे होता. म्हणून १९७५ सालीं महाराष्ट्रांत व्यवसाय कर आला, आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानें (अंमल २६ जानेवारी १९७९ पासून) त्याचें उत्पन्न या कामीं लावून, सरकारनें तितकीच भर घालावी असें ठरविलें. मोहतर्फा हुन्नरावर होता, हाही धंद्यावरच. परंतु पहिला मठाच्या वा सरकारच्या कोठारांत गेला, हा मजुराच्या हजेरीपटावर आला. माझ्या वेतनांतून दरमहा दोनशें व फेब्रुवारींत तीनशें कापले जात, तेव्हां मीही कुरकुरलों आहें. घटनेनें या करास वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली असल्यामुळें दहा हजारांहून थोडें अधिक मिळविणारा कारकून व लाख मिळविणारा अधिकारी सारखेंच भरतात. हा दोष खरा. तरी पैसा कोठें गेला हें पाहिल्यावर माझी कुरकुर थांबली.

आतां ऊसतोडीकडे. बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मजुरीपूर्वींच ‘उचल’ अंगावर, मध्यें मुकादम. कौटिल्याचा विष्टिबंधक तो हाच. फरक असा कीं, त्यास साठ पण ठरलेले होते, यास शेंकडेवारीनें कमिशन. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीचे दर ३४ टक्क्यांनीं वाढले, त्याबरोबर मुकादमाचें कमिशनही एक टक्क्यानें वाढलें. मजुरी टनावर, आणि वजन कारखान्याच्या कांट्यावर. पाटणच्या मठाचें माप येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. या मजुरांच्या महामंडळासाठीं कारखान्यांनीं टनामागें दहा रुपये द्यावे व सरकारनें तितकेच घालावे, असें २०२१ सालीं ठरलें. घाण्यामागें पळीभर तेल घेण्याचीच ही रीत, फक्त उलट दिशेची. ऊसतोड्या प्राप्तिकर भरीत नाहीं खरा. परंतु त्यानेंच तोडलेल्या उसाची साखर तो दुकानांतून आणतो, तेव्हां २०१७ पासून तिजवर शेंकडा पांच वस्तु व सेवा कर देतो.

मुकादमाच्या वह्यांत एका पानावर उचल व दुसऱ्यावर टनांचा हिशेब असतो, खाडे वजा केलेले असतात, आणि खालीं अंगठा असतो. हंगाम फिटला कीं त्या रद्दींत जातात. दुष्काळी कामांचे हजेरीपटही बहुधा त्याच वाटेनें गेले. ज्यांच्या घरीं दोनशें वर्षांचे ताळेबंद लाल फडक्यांत बांधलेले आहेत, त्यांनीं धारूर–माजलगांवकडे फेरी झाल्यास अशी एखादी वही मागून पाहावी, व मिळाल्यास तिची नक्कल, मजुरांचीं नांवें झांकून, मंडळाकडे धाडावी.