लॅपटॉप चार्ज होत नाही? बॅटरी बदलण्यापूर्वी सॉकेटपासून तपासा

भिवंडी : चार्जर लावलेला आहे, पडद्यावर प्लगचे चिन्हही दिसते, मात्र बॅटरीचा आकडा पुढे सरकत नाही. लॅपटॉपची ही तक्रार घेऊन दुकानात गेल्यास पहिला सल्ला बहुधा नवी बॅटरी घेण्याचा मिळतो. यंत्रमाग कारखान्याचे हिशेब, गोदामातील मालाची नोंद, जीएसटीची विवरणपत्रे आणि मुलांचा अभ्यास असे सारे एकाच लॅपटॉपवर चालणाऱ्या घरात हा खर्च लगेच केला जातो. पुष्कळदा तो वाया जातो, कारण भिंतीतून निघालेली वीज बॅटरीपर्यंत पोहोचण्यापूर्वी सॉकेट, वायर, अ‍ॅडॉप्टर, लॅपटॉपचे पोर्ट आणि मदरबोर्डवरील चार्जिंगचे सर्किट असे टप्पे ओलांडते. बॅटरी हा त्यातील अखेरचा टप्पा आहे. तपासणीही त्याच क्रमाने व्हावी.

भिवंडीत अशा वेळी पहिला संशय विजेवर घेतला जातो, आणि त्याला इतिहास आहे. लोडशेडिंगचा जाच शहराने अनेक वर्षे सोसला. २६ जानेवारी २००७ रोजी येथील वीजवितरण महावितरणकडून टोरंट पॉवर कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपविण्यात आले. तथापि कमी दाबामुळे लॅपटॉप चार्ज होत नाही, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असते. बल्ब मिणमिणण्याइतका दाब उतरला तरी अ‍ॅडॉप्टर आपले काम करीत राहतो.

खरा धोका दाब चढण्याचा आहे. यंत्रमागांच्या मोटारी बहुतेक ठिकाणी थ्री-फेज विजेवर चालतात आणि तोच पुरवठा इमारतीतील घरांना एकेका फेजने वाटलेला असतो. मुख्य न्यूट्रल वायर सैल झाली किंवा तुटली, तर एखाद्या घरातील २३० व्होल्टचा दाब तीनशेच्याही वर जाऊ शकतो. त्यात सर्वप्रथम अ‍ॅडॉप्टर जळतो. एकाच वेळी घरातील दिवे भगभगले, पंखा जोरात फिरू लागला आणि चार्जर बंद पडला, तर दोष लॅपटॉपमध्ये शोधण्यात अर्थ नाही. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागताच मुंग्या येत असतील, तर सॉकेटचे अर्थिंगही त्याच्याकडून तपासून घ्यावे. जुन्या चाळींत आणि कारखान्यांवरील खोल्यांत ते अनेकदा नावापुरतेच असते.

सॉकेटची परीक्षा सोपी आहे. एक्स्टेन्शन बोर्ड आणि इन्व्हर्टर बाजूला ठेवून चार्जर थेट भिंतीतील दुसऱ्या सॉकेटमध्ये लावावा. अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर तो पाहावा. दिवा लागत नसल्यास सॉकेट ते अ‍ॅडॉप्टर ही सुटी वायर बदलून पाहावी. ती संपूर्ण चार्जरच्या मानाने फारच स्वस्त असते, तरीही ती न तपासता नवा चार्जर घेणारे कमी नाहीत. दिवा लागतो, पण लॅपटॉपला जोडताच विझतो, हे लक्षण निराळे. पुढील वायर किंवा लॅपटॉपमध्ये शॉर्ट असल्याने अ‍ॅडॉप्टरने स्वतःला वाचविले, असा त्याचा अर्थ. अशा वेळी दुसरा चार्जर लावून प्रयोग करू नयेत.

पोर्टच्या बाबतीत भिवंडीची अडचण खास आहे. यंत्रमागांच्या परिसरात कापसाचे सूक्ष्म तंतू सतत हवेत असतात. ते यूएसबी टाइप-सी पोर्टमध्ये दाबून बसले की प्लग पूर्ण आत जात नाही आणि चार्जिंग लागते-तुटते. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी दातकोरणीने ते हलकेच बाहेर काढावेत. टाचणी किंवा पिन वापरू नये. हेच तंतू पंख्याच्या जाळीत अडकले की यंत्र तापते. ठराविक तापमानापलीकडे लिथियम-आयन बॅटरीचे नियंत्रण करणारे सर्किट चार्जिंग मुद्दाम थांबविते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली दुपारी चार्ज न होणारा लॅपटॉप रात्री व्यवस्थित चार्ज होत असेल, तर त्याला नव्या बॅटरीची नव्हे, साफसफाईची गरज आहे.

गोल पिनच्या चार्जरमध्ये आणखी एक गोम आहे. डेलसारख्या काही कंपन्यांच्या प्लगमध्ये मधोमध बारीक पिन असते. तिच्याद्वारे लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतो. ती वाकली किंवा चार्जर नकली असला, तर लॅपटॉप विजेवर चालतो पण बॅटरी भरत नाही. याच लक्षणाला अनेकजण बॅटरी गेल्याचा पुरावा मानतात. पर्यायी चार्जर घेताना अ‍ॅडॉप्टरवरील 'आउटपुट' ही ओळ पाहावी. व्होल्टचा आकडा मूळ चार्जरइतकाच हवा. अँपिअरचा आकडा तितकाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर यांचा गुणाकार सुमारे ६५ वॅट येतो. तेथे ४५ वॅटचा चार्जर लावल्यास बॅटरी अत्यंत संथ भरते किंवा काम सुरू असताना उलट उतरत जाते. टाइप-सी लॅपटॉपला मोबाईलचा १८ वॅटचा चार्जर लावणाऱ्यांचा अनुभवही हाच असतो. तेथे चार्जर आणि केबल दोन्ही पुरेशा क्षमतेची लागतात.

आकडा ६० किंवा ८० टक्क्यांवरच थांबत असेल, तर तो बिघाड नसण्याचीच शक्यता अधिक. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून लेनोव्हो, असुस, डेल आदी कंपन्या चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय देतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बंद करता येते. सतत विजेवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी मात्र ती सुरू असणेच हिताचे. एवढे पाहूनही आकडा हलला नाही, तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरावे. चार्जिंगवर देखरेख ठेवणारी चिप त्यामुळे अनेक मॉडेलमध्ये नव्याने सुरू होते. हा उपाय फुकट आहे आणि आश्चर्य वाटावे इतक्या वेळा लागू पडतो.

त्यानंतरच बॅटरीकडे वळावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असे इंग्रजीत टंकित केल्यास एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर राहणारी क्षमता, असे दोन आकडे असतात. मूळ आकडा ५०,००० आणि आजचा २५,००० असेल, तर बॅटरी निम्मी झिजली. आकडा निम्म्यावर आला आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाच लॅपटॉप अचानक बंद पडू लागला, की नवी बॅटरी घेणे योग्य. अहवालाची प्रत सोबत असल्यास दुकानातील बोलणीही सरळ होतात. बॅटरीची वॉरंटी अनेकदा लॅपटॉपच्या वॉरंटीपेक्षा कमी मुदतीची असते, हेही बिलावर पाहून घ्यावे.

बॅटरी चांगली, चार्जर चांगला आणि तरीही चार्जिंग नाही, असे आढळल्यास दोष पोर्टमध्ये किंवा मदरबोर्डवर असतो. काही मॉडेलमध्ये पोर्ट सुट्या वायरने जोडलेले असते आणि थोडक्यात बदलता येते. काहींत ते बोर्डावर डाग देऊन बसविलेले असते. संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाल्यास चिप दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. भिवंडीत ते मिळाले नाही, तर मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात असे कारागीर आहेत.

एका लक्षणात मात्र क्रमाने तपासणी करीत बसू नये. टचपॅड वर उचलला गेला, खालचे झाकण फुगले किंवा लॅपटॉप टेबलावर डगमगू लागला, तर बॅटरी फुगलेली असते. चार्जर तत्काळ काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नये. फुगवटा दाबणे किंवा टोचणे जिवावर बेतू शकते. लिथियम-आयन बॅटरी पेटली तर ती आग सहज आवरत नाही. सुताचे बीम आणि कापडाचे तागे रचलेल्या जागेत तर ती झपाट्याने पसरेल. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने पेट घेण्याच्या धोक्यामुळे सोनीच्या सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या होत्या. पुराच्या पाण्यात भिजलेल्या बॅटरीबाबतही हीच खबरदारी घ्यावी, ती वाळवून पुन्हा वापरू नये. निकामी बॅटरी कचराकुंडीत किंवा भंगारवाल्याकडे न देता, टोकांवर चिकटपट्टी लावून कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.