खिळ्याची साक्ष

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्यात इंग्रजी अमदानीतील घरांच्या जागा आजही शेतांत आणि रानांत दडून राहिल्या आहेत. घर केव्हाच नाहीसे झालेले असते. मातीखाली उरतात त्या गुंड्या, बुटांची बकले, शिशाच्या गोळ्या, क्वचित एखादे नाणे आणि गंजून वेडेवाकडे झालेले असंख्य खिळे. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसाचे मन नाण्यात गुंतलेले असते. लोखंडाची दखलच घेतली जाऊ नये, अशी योजना तो पुष्कळदा यंत्रात करून ठेवतो. परंतु घराची हकीकत जाणून घ्यायची असेल, तर हा टाकाऊ खिळाच अधिक भरवशाचा साक्षीदार ठरतो.

नाण्याची साक्ष अपुरी असते. आपण अमुक सालापूर्वी मातीत पडलो नाही, एवढेच ते सांगते. स्पेनच्या अमलाखाली पाडलेली चांदीची नाणी संयुक्त संस्थानांत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत होती. तेव्हा १७५० चे नाणे शंभर वर्षांनीही कोणाच्या खिशातून पडलेले असू शकते.

खिळा मात्र आपली जन्मकथा अंगावरच वागवतो. लोहाराने ऐरणीवर घडवलेल्या खिळ्याची दांडी चौकोनी असून चारही बाजूंनी निमुळती होत जाते. डोक्यावर हातोड्याचे ठोके पैलूंसारखे उमटलेले असतात. १७९० नंतर लोखंडी पत्र्यातून खिळे कापणारी यंत्रे प्रचारात आली. या खिळ्याच्या दोनच बाजू निमुळत्या असतात. तारेचा गोल खिळा सर्वत्र रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अर्थात एकट्यादुकट्या खिळ्यावरून निवाडा करता येत नाही, कारण जुने खिळे उपसून पुन्हा वापरण्याची रीत होती. त्या काळी खिळा इतका मोलाचा होता की, जागा सोडून जाणारे लोक खिळ्यांसाठी आपली घरेच जाळीत. अखेर १६४५ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्यास मनाई केली आणि घराला जितके खिळे लागले असतील तितके मालकाला भरून द्यावेत, असे ठरवले.

म्हणून जाणता संशोधक प्रत्येक खिळा कोठे व किती खोल सापडला, याची नोंद ठेवतो. खिळ्यांची दाट रांग भिंतीची जागा दाखवते. वाकलेले, उपसलेले खिळे घर मोडून नेल्याचे सुचवतात, तर सरळ खिळे ते जागच्या जागी कुजल्याचे. ती नोंद न ठेवता काढलेला खिळा मुका होतो, आणि त्याची वाचा पुन्हा कोणालाही परत आणता येत नाही.

ही वाचा किती मोलाची, हे माँटिसेलो येथे कळते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक टॉमस जेफर्सन यांचे हे निवासस्थान. १७९४ मध्ये त्यांनी तेथे खिळ्यांचा कारखाना काढला. भट्टीपाशी राबत होती ती दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले. कोणत्या मुलाने किती खिळे घडवले आणि किती लोखंड वाया घालवले, याचा हिशेब जेफर्सन स्वतः लिहीत. त्या जागेच्या उत्खननात खिळे आणि लोखंडी कांबांचे तुकडे मिळाले. मालकाच्या वहीत त्या मुलांच्या श्रमाचे वजन आहे. त्यांच्या हातांचे ठोके मात्र या गंजलेल्या लोखंडावर आहेत. सर्व माणसे समान आहेत असे ज्या लेखणीने लिहिले, तिच्याच घरची ही साक्ष आहे. चांदीच्या शोधात निघालेल्याने ती फेकून दिली, तर ती देणारा दुसरा कोणीही उरत नाही.