छापा आणि बर्गी

शत्रु बेसावध असतां त्याजवर अकस्मात् तुटून पडणें, सांपडेल तें घेणें आणि तो सावरण्यापूर्वींच दूर निघून जाणें, ह्यास आपण छापा म्हणतों. ह्या कामीं घोडा ताजा हवा. मोहिमेवरील मराठे स्वार येथें घोडे बदलीत, म्हणून आपल्या बदलापुरास तें नांव पडलें, अशी लोककथा आम्ही ऐकत आलों आहों. १६५७ सालीं कल्याण शिवाजी महाराजांच्या हातीं आलें. जानेवारी १६६४ मध्यें त्यांनीं सुरतेवर छापा घातला. शहर लुटलें गेलें. परंतु कापुचिन मिशनरी फादर आंब्रोज ह्यांच्या घरास धक्का लागला नाहीं, असें फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो.

पुढें १७४१ ते १७५१ ह्या काळांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल्यांत वारंवार शिरल्या. सरकारी घोड्यावर बसणारा स्वार तो आपला बारगीर. बंगाल्यांत त्याचाच ‘बर्गी’ झाला, आणि त्या नांवानें आया मुलांना भिववूं लागल्या. स्वार एकच, आपल्या घरीं तो शूर, परक्या पाळण्यापाशीं तो भय. म्हणून वाचकहो, छाप्याचा अर्थ घालणाऱ्यास विचारावा, तसाच सोसणाऱ्यासही विचारावा, असें आम्हांस वाटतें.