पोस्टाच्या पिशव्या आणि एक अवकाशयान

मे २०१९. शेवटच्या सेमिस्टरच्या सबमिशनची धावपळ सुरू असताना मी एका ऑनलाइन याचिकेवर सही केली. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा आठवा सीझन पुन्हा बनवा, अशी मागणी होती. नाव, ईमेल, क्लिक. दहा-बारा सेकंदांचं काम. दहा लाखांहून जास्त लोकांनी ते केलं. एचबीओने काही पुन्हा बनवलं नाही आणि खरं सांगायचं तर पुढच्या आठवड्यात मीही विसरून गेलो.

ती सही परत आठवली ती 'स्टार ट्रेक'बद्दल वाचताना. बाबांनी ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली होती. टोकदार कानांचा स्पॉक त्यांना अजून आठवतो. पण मुळात ती अमेरिकेत तिसऱ्या सीझनपर्यंत तरी पोचली कशी, ही वेगळीच गोष्ट आहे.

एनबीसीवर मालिका सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ला. रेटिंग यथातथाच. १९६७च्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बिजो ट्रिम्बल आणि तिचा नवरा जॉन यांनी पत्रमोहीम उघडली. पद्धत साधी होती: तू पत्र लिही, दहा जणांना लिहायला सांग, त्या प्रत्येकाला आणखी दहा जणांना सांगू दे. आमच्या भाषेत रिकर्शन. मात्र एक पथ्य पाळायचं होतं. सायक्लोस्टाइल केलेला छापील मजकूर नको, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचं. कागद आणायचा, वाक्यं सुचवायची, पाच सेंटचं तिकीट लावायचं (जानेवारी १९६८मध्ये तेही सहा सेंट झालं) आणि डबा गाठायचा. कॅलटेकचे विद्यार्थी तर मशाली घेऊन बरबँकच्या एनबीसी स्टुडिओवर चालून गेले. इंजिनियरिंगच्या पोरांनी सबमिशन सोडून असली कामं करायची परंपरा जुनी आहे म्हणायची.

लाखाच्या वर पत्रं आल्याचं एनबीसीनेही मान्य केलं. चाहत्यांच्या तोंडी तोच आकडा पुढे दहा लाखांवर गेला. आणि हे सगळं अगदी उत्स्फूर्त होतं असंही नाही, मालिकेचा निर्माता जीन रॉडेनबेरी पडद्याआडून मदत करत होता. हे कळल्यावर मी जरा खट्टू झालो. पण विचार केला तर त्याने फार तर ठिणगी पुरवली असेल. लाखभर लोकांकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घेणं त्याच्या हातात नव्हतं.

१ मार्च १९६८ला एपिसोड संपल्यावर एनबीसीने पडद्यावरच जाहीर केलं: मालिका चालू राहील. मग आभाराची पत्रं आली!

इथे सिनेमा संपला असता. प्रत्यक्षात आधी सोमवारी साडेसातची वेळ ठरली होती, पण तिथे आठला लागणारा 'लाफ-इन' हा हिट कार्यक्रम सरकायला तयार नव्हता. 'स्टार ट्रेक'ला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, म्हणजे कॉलेजची मुलं बाहेर भटकत असतात नेमकी तेव्हाची. बजेट कापलं. रॉडेनबेरीने रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. तिसऱ्या सीझनचा पहिलाच एपिसोड 'स्पॉक्स ब्रेन', ज्यात स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो. तो मी पाहिलाय. आवर्जून पाहावा असं म्हणणार नाही. जून १९६९मध्ये मालिका संपली.

मग पत्रांनी मिळवलं काय? तर एक वाईट सीझन. पण त्या सीझनमुळे एपिसोडची संख्या ७९ झाली. स्थानिक वाहिन्यांना रोज एक दाखवून महिनोन्‌महिने पुरतील इतकी. संध्याकाळी, शाळेतून मुलं घरी येण्याच्या वेळेला पुनःप्रसारणं लागू लागली आणि खरा प्रेक्षक तिथे तयार झाला. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांवर.

मी कामावर रोज डॅशबोर्ड बघतो. एक तारा देणारा युजर तिथे एक ओळ असतो आणि माझी २०१९ची सहीसुद्धा कुठेतरी अशीच एक ओळ असणार. लाख पत्रांच्या पिशव्या मात्र कुणालातरी उचलाव्या लागल्या, फोडाव्या लागल्या.

१९७६मध्ये चाहत्यांनी पुन्हा पेनं काढली. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठरलं होतं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला आणि ते 'एंटरप्राइझ' झालं. १७ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात पामडेलला ते हँगरबाहेर आणलं, तेव्हा मालिकेतले बरेचसे कलाकार समोर उभे होते. ते शटल फक्त हवेत तरंगून जमिनीवर उतरण्याच्या चाचण्यांसाठी बनवलेलं होतं. त्याला अवकाशात जाण्याजोगी इंजिनं नव्हती, उष्णतारोधक कवचही खरं नव्हतं. अवकाशात ते कधीच गेलं नाही. आता ते न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे.